एथिक्सचा पेपर आणि सुरगाण्याचं उपकेंद्र

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच असल्याने असेल, पण बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग झालेली मुलंमुली एमपीएचबद्दल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीबद्दल, विचारायला येतात. बायोस्टॅटिस्टिक्सची धास्ती सगळ्यांनाच असते, एथिक्सची, म्हणजे नीतिशास्त्राची, कुणालाच नसते. ‘ते काय, चार तत्त्वं पाठ केली की झालं!’ पास व्हायला तेवढं पुरतं, खरं आहे. पण ती तत्त्वं (रुग्णाची स्वायत्तता, त्याचं भलं, अपाय टाळणं, न्याय) एक डॉक्टर आणि एक रुग्ण समोरासमोर धरून मांडलेली आहेत. लसीकरणात समोरचं बाळ धडधाकट असतं. गोवर आटोक्यात ठेवायचा तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. त्याचा फायदा अख्ख्या गावाला, ताप मात्र त्या एकट्या बाळाला. इथून पुढचे प्रश्न गाइडमध्ये सापडत नाहीत.

मी बीएएमएसनंतर सहा महिन्यांचा कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी झाले. उपकेंद्र सुरगाणा तालुक्यात. भात-नागली निघाली की तिथलं अर्धं गाव दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर जातं. ड्यू लिस्टमधली, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्यांच्या यादीतली, बाळं आईच्या पाठीवर बसून लिस्टबाहेर जातात. मजुरांच्या अशाच एका टोळीत एका आईने बाळाच्या पेंटा लसीला (पाच आजारांवरची एकत्र लस) साफ नाही सांगितलं. रजिस्टरमध्ये कारण पडलं ‘गैरसमज’. आशाताईंनी तिच्याजवळ बसून विचारलं, तर ती म्हणाली, “मागच्या डोसाला पोर रातभर तापलं. मी बागेत गेले नाही, मुकादमाने खाडा लावला. आता तो खाडा तुम्ही भरता का?”

तिला लस कळत होती, खाडाही कळत होता. थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षमणी विरळणीच्या, दिवसांत एक रोज बुडणं म्हणजे काय, ते आम्हाला कळत नव्हतं. मग आम्ही सत्र टोळीच्या सुट्टीच्या, म्हणजे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवलं. त्यासाठी वरून परवानगी काढताना जेवढी डोकेफोड झाली तेवढी त्या आईशी बोलताना झाली नाही. पॅरासिटामॉल हातात दिलं, किती आणि कधी ते दोनदा सांगितलं. बाळाला डोस मिळाला. माझा नवख्यांना आग्रह एवढाच, की ‘नकार’ हा रकाना भरण्याआधी त्या नकाराची किंमत कोण मोजतंय ते विचारा. आणि स्वतःचीही बाजू तपासा: आमच्या पदाला पगाराव्यतिरिक्त कामावर आधारित मोबदला असतो. टार्गेटशी आपला खिसा बांधलेला असताना ‘समजावणं’ कधी दटावणं होतं, ते पटकन लक्षात येत नाही.

संमतीचं प्रकरण वाचायचं तर तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या खम्ममचं वाचा. २००९-१० मध्ये तिथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला आणि वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या काळात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले; त्यांचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, लसही चांगली आहे. तरी सहीचा प्रश्न उरतोच. पेठ-सुरगाण्यातल्या आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणा. आईबाप बागेवर, मुलगी शाळेत, मुख्याध्यापकांची सही दोन मिनिटांत मिळते. ती सोपी आहे म्हणूनच तिथे थांबायचं.

कायदा थोडक्यात. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वर्षातला. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कुणालाही सक्तीने लस टोचता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकतं. ‘प्रमाणशीर’ म्हणजे किती, यावर तुमची अख्खी व्हायवा (तोंडी परीक्षा) जाऊ शकते. मालेगावचंही उदाहरण तयार ठेवा. २०२० मध्ये कोरोना, २०२२ च्या अखेरीस गोवर. दोन्ही वेळा साथीची चर्चा वस्तीच्या धर्मावर घसरली. नकाशावर रुग्णांचा ठिपका देताना तो मोहल्ल्यापर्यंत द्यायचा की वॉर्डावर थांबवायचा, हा निर्णय तुमच्याच लॅपटॉपवर होणार असतो. माझं मत: छापायच्या नकाशात वॉर्डाच्या खाली उतरू नका.

आता कामाचं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संशोधनातल्या एथिक्सवरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं डाउनलोड करा, निदान संमती आणि दुर्बल गट ही प्रकरणं नीट वाचा. संमतीपत्र मराठीत लिहिलंत तरी ते कोकणा बोली बोलणाऱ्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या. ‘सहभागी’, ‘गोपनीयता’ इथे गाडी अडते, मग वाक्यं आपोआप सुधारतात. नोकऱ्या बहुतेक कंत्राटी आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि प्रबंधासाठी नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा घ्यायचा विचार असेल, तर २०२७ च्या स्नानांची वाट पाहत बसू नका. एथिक्स कमिटी शंका काढते, प्रस्ताव परत येतो, पुन्हा जातो. गर्दीत भेटलेल्या यात्रेकरूची संमती कशी घेणार, या एका प्रश्नावरच पहिली फेरी जाईल, तेव्हा त्याचं उत्तर अर्जातच लिहा.