मे महिन्यातला टॉर्क

सिव्हिलची पदवी घेऊन पायाच्या कामात शिरू पाहणारी दोन-चार मुलं-मुली दर उन्हाळ्यात मला फोन करतात. प्रश्न बहुतेक एकच: "मॅडम, हेलिकल पाइलसाठी कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" मी उलट विचारते, "मिरजेकडची काळी माती मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, दोन्ही वेळा हातात घेतलीय का?" शेतकऱ्याघरची असली तर हसतात. बाकीच्यांना वाटतं बाई टाळतायत.

टाळत नाही. या प्रश्नाचं उत्तर मला एका अख्ख्या पावसाळ्यात मिळालं, आणि ते स्वस्तात मिळालं नाही.

आधी वस्तू काय ते सांगते. हेलिकल पाइल म्हणजे पोलादी दांडा आणि त्याला खालच्या टोकाशी वेल्ड केलेलं गोल, पिळाचं पातं. कधी एक पातं, कधी दोन-तीन. पोकलेनच्या हाताला हायड्रॉलिक मोटर लावायची आणि लाकडात स्क्रू पिळतात तसा हा दांडा जमिनीत पिळायचा. खड्डा नाही, माती बाहेर येत नाही, काँक्रीट सुकायची वाट बघायची नाही. कल्पना काही नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या अंध आयरिश इंजिनिअरनं १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि थेम्सच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर असल्याच स्क्रूंवर दीपगृह उभं केलं. ज्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यानं हा पाया शोधला, हे मला नेहमी लक्षणीय वाटतं. आपल्यालाही जमिनीखालचं काहीच दिसत नसतं.

आपल्याकडे हे काम मुख्यतः सोलरमुळे वाढलं. शेतीच्या फीडरसाठी माळावर, रानात पॅनेल उभी राहू लागली. त्या टेबलांना, म्हणजे पॅनेलच्या सांगाड्यांना, खाली दाबणारं वजन किरकोळ असतं, वारा मात्र त्यांना वर उपटतो. म्हणजे पाया वजन पेलण्यापेक्षा उपटला न जाण्यासाठी लागतो. स्क्रूचं खरं कसब तिथंच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मिरज तालुक्यातल्या अशाच एका कामाचं डिझाइन माझ्याकडे आलं. एका खांबावर वाऱ्याची ओढ २० किलोन्यूटन. सुरक्षा गुणांक २, म्हणजे पाइलची अंतिम क्षमता ४० हवी. दांडा ८९ मिमी, पातं एकच, ३०० मिमीचं. इथं एक सोयीचं सूत्र आहे आणि सगळा घोळही त्याच्यातच आहे: पाइल पिळताना शेवटी जेवढा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो त्याला एका गुणकानं गुणलं की अंतिम क्षमता मिळते. ८९ मिमीच्या दांड्याला हा गुणक दर मीटरला साधारण २३ धरतात. दांडा जाड होईल तसा तो घटतो, २१९ मिमीला १० च्या आसपास येतो. माझं गणित सोपं होतं: ४० भागिले २३, म्हणजे जेमतेम १.७५ किलोन्यूटन-मीटर. मी ड्रॉइंगवर लिहिलं, 'किमान टॉर्क १.८'. त्याखाली सही केली.

काम एप्रिलअखेर सुरू झालं. रानाला मनगट जाईल एवढ्या भेगा. टॉर्कचा काटा सव्वा मीटरवरच ३ च्या पुढं गेला आणि पिळणं तिथंच थांबलं. ठेकेदाराची माणसं खूश, दिवसाला ठरल्यापेक्षा दुप्पट खांब. मशीनवरचे अण्णा तेवढे खूश नव्हते. म्हणाले, "मॅडम, ही उन्हाळ्यातली माती हाय. हिचं काय खरं न्हाय." मी त्यांना सूत्र समजावून सांगितलं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

जुलैत ओढ-चाचणी घेतली. जॅक लावला, डायल गेज लावले. पहिला खांब १४ किलोन्यूटनला चिखलातून मुळा निघावा तसा वर आला. दुसरा ११ ला. नशीब एवढंच की वर पॅनेल चढली नव्हती.

झालं काय होतं, हे नीट समजून घ्या, कारण पुस्तकात हे दोन वेगळ्या धड्यांत असतं आणि साइटवर एकाच खड्ड्यात. चिकणमातीत एका पात्याची ताकद म्हणजे पात्याचं क्षेत्रफळ गुणिले ९ गुणिले मातीची कातर-शक्ती, म्हणजे माती तुटून सरकायला करते तो विरोध. ३०० मिमीच्या पात्यातून दांडा वजा केला की उरतात ०.०६४५ चौरस मीटर. वाळून दगड झालेल्या काळ्या मातीत ही शक्ती १५० किलोपास्कल धरा, उत्तर येतं ८७ किलोन्यूटन. तीच माती पाणी पिऊन ३० वर आली की उरतात १७. आणि तो ९ चा आकडाही पातं पुरेसं खोल असेल तरच. जमिनीपासून पात्याच्या व्यासाच्या पाचपट तरी खाली, म्हणजे दीड मीटर, हवं. माझी पाती सव्वा मीटरवर होती. तिथून ती मातीची डिखळी घेऊन सरळ वर येतात. काटा खोटं बोलला नव्हता. त्यानं त्या दिवशीच्या मातीबद्दल खरं तेच सांगितलं होतं.

सांगलीकराला हे वेगळं समजवावं लागू नये. पुरात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलंय, तिकडे डोळे लावून बसतो. पण ४० फूट या आकड्याचा अर्थ कोयना धरणातून किती सोडलंय आणि वर पाऊस किती आहे ते कळल्यावरच लागतो. टॉर्कचंही तसंच.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हा खेळ वरच्या काही मीटरांत चालतो. अंडर-रीम्ड, म्हणजे बुडाशी फुगवटा असलेल्या काँक्रीट पाइलच्या भारतीय कोडात, आय.एस. २९११ च्या तिसऱ्या भागात, अशा मातीत पाइल किमान साडेतीन मीटर लांब असावा असं सांगितलेलं आहे. स्क्रू पाइलला त्या कोडात स्वतंत्र भाग नाही, म्हणून मी त्याकडे बघितलंच नव्हतं. पण मातीला कुठे ठाऊक असतं कुठला पाइल कुठल्या भागात बसतो! पातं त्या हलत्या थराच्या खाली गेलं, की बारीक दांड्याचा फायदाही पदरात पडतो: ८९ मिमीच्या दांड्याचा परीघ ३०० मिमीच्या काँक्रीट पाइलच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे फुगणाऱ्या मातीला वर ढकलायला धरायला जागाच कमी मिळते.

आम्ही प्रत्येक खांबाला जोड-दांडा बोल्ट करून चार मीटरच्या खाली, मुरमाच्या तोंडापर्यंत नेला. तिथं टॉर्क २.५ च्या वर मिळाला आणि तो खरा होता. खर्च कुणाच्या खिशातून गेला ते सांगत नाही, माझी वर्षभराची पगारवाढ मात्र गेली. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर दोन ओळी असतात, किमान खोली आणि किमान टॉर्क, आणि मध्ये ठळक अक्षरांत 'दोन्ही'.

नव्यांनी पहिलं वर्ष ऑफिसात न घालवता मशीनशेजारी घालवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हातात वही आणि खडू. दांड्यावर दर ३० सेंटिमीटरला खूण करायची. पात्याचा पीळ ७५ मिमीचा असतो, म्हणजे आदर्श हिशेबानं चार फेऱ्यांत एक खूण खाली जायला हवी. पाच लागल्या तरी चालतं. सहा-सात लागायला लागल्या, तर पातं पुढं न सरकता जागच्या जागी माती घुसळतंय. ऑपरेटरला वरून दाब वाढवायला सांगा. घुसळलेल्या मातीतला टॉर्क कागदावर लिहायच्या लायकीचा नसतो. फेऱ्या मिनिटाला १० ते २० पुरेत. काम उरकायच्या घाईत मशीन भिंगरीसारखं फिरवणारे असतात, त्यांच्याशी भांडायची तयारी ठेवा. काटा कुठून वाचतोय तेही विचारा. नुसत्या तेलाच्या दाबावरून टॉर्क काढत असतील तर त्याच मोटरचा तक्ता हवा, दुसऱ्या मॉडेलचा चालत नाही, आणि परतीच्या नळीतला दाब वजा करायचा असतो. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

काटा एकदम उसळून पुन्हा पडला तर पात्याखाली दगड आहे. पाटणकडच्या उतारांवर हे वारंवार होतं. आणि जतला? तिथं मीटरभर मातीखाली कडक मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाती वाकतात, नाहीतर बोल्ट तुटतात. तिथं भोक पाडून काँक्रीट भरा आणि स्क्रूचा नाद सोडा. मिरज आणि जत, एकाच जिल्ह्यात दोन टोकांची जमीन आहे, म्हणून एसपीटीसह (ठोकून घेतलेल्या मातीच्या चाचणीसह) बोअर लॉग, म्हणजे भोक पाडून केलेली थरांची नोंद, हातात आल्याशिवाय पाइलचा प्रकार ठरवूच नका. मालक म्हणेल शेजारच्या रानात हाच पाया चाललाय. चालू दे.

कामं कुठं मिळतील? सोलर, विजेचे मनोरे, खचलेल्या जुन्या घरांना खालून आधार देणं. शेवटचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण धक्के बसत नाहीत आणि घरातली माणसं घरातच राहतात. माती-यांत्रिकी पक्की हवी, एक्सेल पुरतं. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत येतं.

अण्णा अजून आमच्याच मशीनवर आहेत. यंदा एप्रिलात तासगावच्या साइटवरून त्यांचा फोन आला, "मॅडम, काटा तीनवर गेलाय, पण खोली दीडच झालीय." मी काही बोलायच्या आत मागं मोटर पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.