टायर पॉलिश मारताय? या चुका टाळा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या वॉशिंग सेंटरवर सकाळी सातपासून रांग लागते आणि दरवर्षी त्यात चार-पाच जण तरी असे असतातच, "दादा, गाडी राहू द्या, टायर तेवढे काळेभोर करून द्या, पूजा आहे." कराडात बारा वर्षं हे काम करतोय. टायर काळा करणं म्हणजे दोन मिनिटांचं काम असं सगळ्यांना वाटतं आणि सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. पॉलिश लावायला खरंच दोन मिनिटं लागतात हो, पण आधी एकेक टायर घासायला पाच-सात मिनिटं, नंतर पुसायला आणि वाळायला अर्धा तास. एवढा वेळ ज्याला द्यायचा नाही त्याने टायर नुसता पाण्याने धुवावा आणि तसाच सोडावा. धुतलेला साधा टायर घाण पॉलिशच्या टायरपेक्षा केव्हाही चांगला दिसतो, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

न घासता पॉलिश मारणं

सगळ्यात जास्त ही चूक बघतो आणि सगळ्यात जास्त चीड याचीच येते. टायर तपकिरी का पडतो हे आधी समजून घ्या. रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकू नये म्हणून कंपनी टायर बनवतानाच त्यात काही रसायनं आणि मेण घालते. गाडी चालते, टायर दबतो-ताणला जातो, तशी ही रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येतात, हवेशी त्यांची क्रिया होते आणि तपकिरी थर दिसायला लागतो. म्हणजे तो रंग नुसत्या धुळीचा नाही, टायर आपलं काम करतोय म्हणून तो येतो. त्यावर ब्रेकची काळी पूड, रस्त्याचं डांबर, चिखल आणि मागच्या वेळचं अर्धवट उरलेलं पॉलिश. आता या सगळ्यावर नवीन पॉलिश मारलं तर ते रबराला धरणार कसं? ते त्या घाणीलाच धरतं.

मागच्या वर्षी एक सर आले होते, शिक्षक, पांढरी सेडान, गाडी अगदी जिवापाड जपणारा माणूस. डिकीत तीन कंपन्यांच्या पॉलिशच्या बाटल्या. म्हणाले दर रविवारी पॉलिश करतो आणि बुधवारपर्यंत टायर परत चॉकलेटी, सगळी पॉलिशं बोगस आहेत. मी बाटल्या बघितल्या, तिन्ही चांगल्या होत्या. विचारलं, टायर घासता कशाने? तर म्हणाले प्रेशरने पाणी मारतो ना. मग त्यांना तिथेच खुर्ची दिली आणि समोर एक टायर घासायला घेतला. पहिल्या हाताचा फेस चहासारखा आला, दुसऱ्या हाताचाही तसाच, तिसऱ्याला जरा फिका, चौथ्याला कुठे पांढरा फेस दिसला. वर्षभराचे पन्नासेक थर होते ते, रविवारच्या रविवारी साठलेले. चारही टायर करायला मला तासाच्या वर लागलं. त्यांच्याच बाटलीतलं पॉलिश पातळ हाताने लावून दिलं. पुढच्या महिन्यात सर परत आले ते फक्त टायर दाखवायला, काळे होते.

माझी पद्धत साधी आहे. टायर ओला करायचा, ऑल पर्पज क्लीनर किंवा डिग्रीजर (तेलकट घाण काढणारं द्रावण) बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात पाण्यात मिसळून फवारायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं पण वाळू द्यायचा नाही, आणि कपडे घासायचा प्लास्टिकचा कडक ब्रश घेऊन गोल गोल घासायचं. तारेचा ब्रश अजिबात नको, रबर ओरबाडलं जातं. फेस पांढरा येईपर्यंत थांबायचं नाही, हाच माझा नियम, मिनिटं मोजत नाही. टायरवरची अक्षरं आणि रिमच्या कडेची खाच, इथे घाण लपते, तिथे जुना टूथब्रश. अॅलॉयची रिम आधी धुवा, टायर नंतर, पण पॉलिश मात्र सगळ्यात शेवटी, गाडी पुसून झाल्यावर. नवीन टायरलासुद्धा घासावं लागतं बरं का, साच्यातून सुटा निघावा म्हणून कारखान्यात जो निसरडा लेप लावतात त्याचा अंश वर राहिलेला असतो.

आणि ओल्या टायरवर पॉलिश नको. कोरड्या फडक्याने पुसा, अक्षरांतलं पाणी टिपा, दहा मिनिटं हवा लागू द्या. लांबून आलेल्या तापलेल्या टायरवरपण नको, लावता लावताच वाळतं आणि पट्टे पडतात. हाताला टायर गार लागला पाहिजे.

कुठलं घ्यायचं

ढोबळ मानाने दोनच जाती. एक पाण्यातलं, ते दुधासारखं पांढरं असतं, वाळलं की हात लावून बघा, बोटाला फारसं लागत नाही, आणि चमक बेताची, नवीन टायरसारखी. दुसरं सॉल्व्हंटमधलं, ते पारदर्शक, तेलकट, रॉकेलच्या जवळचा वास, चमक भरपूर आणि टिकतंही जास्त, पण गाडीवर उडतंही जास्त आणि धूळही जास्त पकडतं. दोन्हीत चमक बहुतेक करून सिलिकॉनचीच असते, फरक ते कशात मिसळलंय याचा. जेल म्हणजे घट्ट केलेलं, ते स्पंजावर नीट बसतं आणि वाया कमी जातं.

मी स्वतःच्या गाडीला फक्त पाण्यातलं लावतो. आमच्याकडे नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॉल्या, पाचट, माती, अशात तेलकट टायर संध्याकाळपर्यंत पीठ लावल्यासारखा दिसतो. पावसाळ्यात पाण्यातलं टिकत नाही हे खरं, दोन-तीन चांगले पाऊस झाले की उतरतं. मग मी पावसाळ्यात लावतच नाही. ज्यांना लावायचंच आहे त्यांनी जेल लावावं. पण लोकं दुकानात जाऊन विचारतात काय, "सगळ्यात जास्त चमकणारं द्या". तसं मागू नका. ओलाकच्च चमकणारा टायर मला कधीच चांगला दिसला नाही, नवीन गाडी शोरूममधून येते तेव्हा टायर मॅट काळा असतो, तो खरा रंग.

डिझेल, जळकं इंजिन ऑइल, रॉकेल हे तर कधीच नको. जुनी माणसं अजून सांगतात की फडक्याला डिझेल लावून फिरव, झकास काळा होतो. होतो, एक दिवस. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, वर जे ब्रेकच्या आसपास गेलं ते वेगळंच. काही वॉशिंग सेंटरवाले गाडीखाली डिझेल-ऑइलचा फवारा मारतात तेव्हाच टायरवरूनही हात फिरवतात, तुम्ही समोर उभे असाल तर थांबवा. ग्लिसरीन पाण्यात मिसळून लावणारे पण खूप आहेत. ते रबराला त्रास देत नाही पण ओलावा धरतं, त्यामुळे धूळ चिकटते आणि पहिल्याच पावसात वाहून जातं. बूट पॉलिश नको.

चोपडायचं आणि लगेच गाडी काढायची

माझ्या मामेभावाच्या लग्नाची गोष्ट. पांढरीशुभ्र गाडी, आदल्या दिवशी मी स्वतः धुवून, पुसून, वॅक्स करून ठेवलेली, सकाळी फुलवाला येऊन सजवून गेला. टायरला मी रात्रीच पातळ हात मारला होता. पण निघायच्या आधी घरातल्याच एका पोराला वाटलं की टायर अजून चमकले पाहिजेत, फोटो आहेत, तर त्याने सॉल्व्हंटचा स्प्रे घेऊन चारही टायरवर ओघळ येईपर्यंत मारला आणि पाच मिनिटांत गाडी विट्याच्या वाटेला लागली. मी मागच्या गाडीत होतो, मला काहीच माहीत नाही. कार्यालयाच्या दारात उतरून बघतो तर चाकामागे मडगार्डपासून दोन्ही दारांच्या खालच्या भागापर्यंत काळे शिंतोडे, पांढऱ्या रंगावर राई सांडल्यासारखे. वरात निघेपर्यंत मी बिसलेरीची बाटली आणि रुमाल घेऊन पुसत बसलो, पण तेलकट डाग पाण्याने कुठे निघतात, ते पसरले. पण गाडीचं मला काही वाटलं नाही, गाडी नंतर साफ झाली. निरोपाच्या वेळी नवरी गाडीत बसताना शालूचा काठ त्या दाराच्या खालच्या कडेला घासला आणि हातभर काळा पट्टा उमटला. तिच्या आईने घेतलेला शालू. ड्रायक्लीनवाल्याने दोनदा प्रयत्न केला, सावली राहिलीच. त्या पोराला कोणी काही बोललं नाही, त्याने चांगल्याच मनाने केलं होतं, पण तेव्हापासून माझ्या सेंटरवर टायरवर थेट स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही.

हे असं का होतं तर रबर ठरावीकच पितं. जास्तीचं वर तरंगत राहतं आणि चाक फिरलं की बाहेर फेकलं जातं, सरळ मडगार्डवर आणि दारावर. त्यामुळे इलाज एकच, कमी लावा आणि जास्तीचं काढून टाका. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, अर्धा कापा, हिरवी बाजू काढून टाका. एका टायरला पाच रुपयांच्या नाण्याएवढं दोनदा, बास. एकसारखं पसरवा, अक्षरांच्या खाचांत जुना पेंटचा ब्रश फिरवा. मग दहा-पंधरा मिनिटांनी सुक्या फडक्याने हलकं पुसून घ्या. ही पुसायची पायरी दहातले नऊ जण गाळतात, "पुसलं तर चमक जाईल ना" म्हणतात. जात नाही. जे फडक्याला आलं ते तुमच्या दारावर जाणार होतं. त्यानंतर अर्धा तास गाडी हलवायची नाही, जेल असेल तर मी तासभर ठेवतो, आणि जमलं तर आदल्या रात्रीच लावतो.

शिंतोडे उडालेच तर नुसतं पाणी नको, घासू तर अजिबात नका. मऊ फडक्यावर थोडं ऑल पर्पज क्लीनर पाण्यात पातळ करून घ्या, टेकवा, उचला, मग शॅम्पूने धुवा. गाडीला डेंटिंग-पेंटिंग करायचं असेल तर पेंटरला आधी सांगा की इथे सिलिकॉन उडालंय, कारण त्यावर रंग बसत नाही, बारीक बारीक खड्डे पडतात आणि मग पेंटरला शिव्या बसतात.

जिवावर बेतणाऱ्या चुका

टायरच्या फक्त बाजूला लावायचं, रस्त्याला टेकतो त्या नक्षीच्या भागाला नाही, घसरतं. ब्रेकच्या डिस्कवर स्प्रे जाऊ द्यायचा नाही, अॅलॉयच्या फटीतून डिस्क उघडीच असते, आणि गेलाच तर ब्रेक क्लीनरने साफ केल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

मोटरसायकलच्या टायरला पॉलिश लावूच नका. कारचा टायर सरळ चालतो, बाइक वळणावर झुकते आणि टायरची कडच रस्त्याला टेकते. मी कितीही पैसे दिले तरी बाइकला लावत नाही, कॉलेजची पोरं रुसून दुसरीकडे जातात, जाऊ दे.

आणि उरलेलं पॉलिश क्लच-ब्रेकच्या पेडलवर, रबराच्या मॅटवर, स्टेअरिंगवर. हे करणारे मी डोळ्यांनी बघितलेत. एका काकांच्या गाडीत बसून मी ती आत घ्यायला गेलो तर चप्पल ब्रेकवरून सटकली, गाडी पाण्याच्या टाकीपाशी कशीबशी हँडब्रेकवर थांबली. त्यांच्या मुलाने आदल्या दिवशी "आतूनपण चमकवून" दिली होती. त्या दिवशी माझ्याकडे कामाला असलेला एक पोरगा टाकीच्या कडेला बसून डबा खात होता. मी अर्धा तास पेडल साबणाने घासले आणि काकांच्या त्या मुलाला फोन करून पंधरा मिनिटं बोललो.

टायरचं फडकं आणि स्पंज वेगळा ठेवा, झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरांत टायर लिहून. तेच फडकं चुकून काचेवर फिरलं तर पावसात वायपर मारल्यावर समोरचं काही दिसत नाही.

पॉलिशने भेगा भरत नाहीत

टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या की लोकं पॉलिश वाढवतात. भेगा तशाच राहतात, फक्त दिसत नाहीत, आणि हे जास्त वाईट. भेग दिसली की आधी टायरवर DOT (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षीच्या खाचेत आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्याबरोबरीने रबर झिजलं म्हणजे १.६ मिलिमीटरच उरलंय, बदलायची वेळ झाली. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा टायर तेलाने निथळत असतील तर विकणाऱ्याला सांगा, आधी पुसून द्या, मग बघतो. मी तर खिशात फडकं घेऊनच जातो, आणि पाचवा, स्टेपनीचा टायर पण काढून बघतो, त्याला सहसा कोणी पॉलिश लावलेलं नसतं.