आयात केलेलं मांस बंदरात अडकलंय? या चुका टाळा

कंटेनर अडला की आयातदार आधी मालाच्या दर्जावर शंका घेतो. खरं तर आधी पाहावं ते हे, की तो कोणत्या टप्प्यावर अडला. युरोपीय संघात सीमेवर तीन टप्पे असतात: कागदपत्रांची तपासणी, मालाची ओळख पटवणं आणि प्रत्यक्ष तपासणी. दार उघडण्याआधीच अडवलं असेल, तर दोष कागदात आहे.

इथली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्र नंतर मागवू, असं समजणं. माल निर्यातदार देशाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातून सुटण्याआधीच ते दिलेलं असावं लागतं. मागाहून काढलेल्या प्रमाणपत्राने काम होत नाही. खासगी लॅबचा रिपोर्ट कितीही चकचकीत असला तरी त्याची जागा घेऊ शकत नाही. पाठवणाऱ्याकडून मसुदा आधी मागवा आणि कत्तलखान्याचा मान्यता क्रमांक आयातदार देशाच्या मंजूर यादीत स्वतः शोधा. ‘आमचा प्लांट मान्यताप्राप्त आहे’ या वाक्यावर विसंबू नका. मान्यता कोणत्या देशासाठी आणि कोणत्या मांसासाठी, हे विचारा.

ओळखीच्या टप्प्यावर सीलचा क्रमांक आणि खोक्यांवरचे शिक्के प्रमाणपत्राशी ताडून पाहतात. वाटेत दुसऱ्या तपासणीसाठी सील तोडून नवं लावलं असेल, तर त्याची अधिकृत नोंद सोबत हवी. हा टप्पा निव्वळ औपचारिक वाटतो खरा, पण २०१३ साली युरोपात गोमांसाच्या लेबलखाली घोड्याचं मांस विकलं गेल्याचं उघड झालं, हे विसरू नये.

गोठवलेला माल साधारणपणे उणे १८ अंश सेल्सिअसवर ठेवतात. पोहोचताना तापमान ठीक असलं की झालं, असं नाही. खोक्यात गोठलेल्या रसाचे थर, दबलेले कोपरे दिसले तर माल मध्ये वितळला होता, हे निरीक्षक ओळखतो. डेटा लॉगरची, म्हणजे वाटेतलं तापमान सतत टिपणाऱ्या यंत्राची, पूर्ण नोंद जपून ठेवा.

गोठवल्यावर रोगजंतू मरतात, हाही गैरसमजच. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू गोठलेल्या डुकराच्या मांसात दीर्घकाळ टिकतो. माणसाला तो बाधत नाही, पण डुकरांचे कळप संपवतो. म्हणून मांस चांगलं असूनही, रोगाची साथ असलेल्या भागातून आलं एवढ्याच कारणावरून ते नाकारलं जाऊ शकतं. ऑर्डर देताना आणि माल भरताना, दोन्ही वेळा त्या भागातली स्थिती तपासा.

माल नाकारला गेला तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. अमेरिकेत मांस नाकारल्यावर परत पाठवणं, नष्ट करणं किंवा परवानगी घेऊन प्राण्यांच्या खाद्याकडे वळवणं, यासाठी साधारण ४५ दिवस मिळतात. शीतगृहाचं भाडं मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं.