सुट्ट्या पैशांतला संग्रह: साल, चिन्ह आणि सही कशी वाचावी

सुट्ट्या पैशांतून नाणी निवडू पाहणाऱ्याने सर्वांत आधी चित्राकडे पाहण्याची सवय थोडी बाजूला ठेवावी आणि सालाच्या खालची जागा पाहायला शिकावे. एकाच वर्षाचे, एकाच छापाचे एक रुपयाचे चार बंदे शेजारी शेजारी ठेवले, तर वरवर पाहता ते अगदी सारखे वाटतात. परंतु भिंगाखाली एकाच्या सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक आकृती दिसेल, दुसऱ्याच्या सालाखाली पाच टोकांचा तारा, तिसऱ्याच्या खाली गोल टिंब, आणि चौथ्याच्या खाली काहीच नाही. चौकट मुंबईच्या टांकसाळीची, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे, आणि ज्या नाण्याखाली चिन्ह नाही ते कोलकात्याचे. मुंबईची टांकसाळ १८२९ पासूनची आहे, तर नोएडाची १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या सालाखाली नोएडाचे टिंब शोधत बसू नये.

यात नवशिक्याची एक फसगत हमखास होते. झिजलेल्या किंवा मळ साचलेल्या नाण्यावर चिन्ह दिसत नाही, म्हणून ते कोलकात्याचे ठरवले जाते. असे नाणे दिव्याखाली आडवे धरून हळूहळू फिरवावे; प्रकाश तिरका पडला की चौकटीची एखादी कड किंवा ताऱ्याचे टोक सावली टाकते. तरीही खात्री पटली नाही, तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे. यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे होते.

चार टांकसाळींखेरीज पाचवी शक्यताही लक्षात ठेवावी. देशातील टांकसाळींना मागणी पुरवता येईना, तेव्हा काही नाणी परदेशात पाडून घेण्यात आली. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ हे अक्षर दिसते, ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील काही रुपयांवर ‘एम के’ अशी अक्षरे सापडतात, आणि ती स्लोव्हाकियातील क्रेमनित्साची खूण आहे. भाजीवाल्याने परत दिलेल्या रुपयावर स्लोव्हाकियाची खूण सापडावी, याचे मला आजही नवल वाटते.

संग्रहाची आखणी करण्यासाठी महागडा अल्बम लागत नाही. दोनशे पानी वहीत प्रत्येक मूल्यासाठी एक पान घ्यावे, डावीकडे खाली खाली साले लिहावीत, वर आडव्या ओळीत चार टांकसाळींचे रकाने आखावेत आणि नाणे मिळाले की त्या चौकोनात तारीख व ठिकाण नोंदवावे. सुरुवात १९९२ ते २००४ या काळातील स्टेनलेस स्टीलच्या एक रुपयापासून करावी, असे मी सुचवीन, कारण ही नाणी चलनात अजूनही अधूनमधून येतात आणि रकाने भरू लागले की उत्साह टिकतो. प्रत्येक टांकसाळीने प्रत्येक वर्षी प्रत्येक मूल्याचे नाणे पाडलेले असतेच असे नाही, म्हणून काही चौकोन कायमचे रिकामे राहणार, हे गृहीत धरावे.

खिशात एक लहानसे लोहचुंबक असेल, तर निवडीचे काम फार झपाट्याने होते. स्टीलची नाणी त्याला चिकटतात, तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची चिकटत नाहीत. म्हणजे मूठभर रुपयांतून १९९१ पर्यंतचे रुपये आणि दोन रुपयांतून अकरा बाजूंची जुनी नाणी डोळ्यांनी न निवडताही वेगळी होतात. पाच रुपयांचे नाणे तर या दृष्टीने फारच बोधप्रद आहे: आधी ९ ग्रॅम वजनाचे जाड पांढरे नाणे, त्यानंतर २००७ च्या सुमारास ६ ग्रॅमचे स्टीलचे, आणि २००९ पासून पिवळसर निकेल-पितळेचे. धातू महागला की नाणे कसे हलके होत जाते, हे तिन्ही नाणी एका तळहातावर घेतल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

छापाच्या मालिकाही ओळखाव्यात. २००७ पासूनच्या हस्तमुद्रांच्या मालिकेत रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे आणि पन्नास पैशांवर मिटलेली मूठ आहे. त्याच्या किंचित आधीच्या दोन रुपयांवर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आहेत, ज्यांवरून त्या काळी वादही झाला. २०११ पासूनच्या नाण्यांवर रुपयाचे नवे चिन्ह आले. स्मारक नाण्यांत मराठी वाचकाला जवळची वाटतील अशी बरीच आहेत: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया व त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. तुकोबांचे नाणे मला एका चहाच्या टपरीवर मिळाले. ते इतके झिजले होते की नाव वाचण्यासाठी अक्षरांवरून बोट फिरवावे लागले. नंतर त्याहून चांगली प्रत मिळाली, तरी पहिली मी काढून टाकलेली नाही.

चुकीने पडलेली नाणी हा वेगळा छंद आहे, पण एक चाचणी प्रत्येकाने करून पाहावी. नाण्याचा वरचा आणि खालचा बिंदू चिमटीत धरून ते दारासारखे फिरवावे. आपल्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली, तर पाडताना ठसा फिरलेला होता, आणि असे नाणे वेगळे ठेवण्याजोगे असते. उलट घासलेली, ठोकलेली, भोक पाडलेली किंवा रुळाखाली चपटी झालेली नाणी टांकसाळीची चूक नव्हेत, ती फक्त खराब झालेली नाणी आहेत.

नाणी धुण्याचा मोह आवरावा, हे मी अनुभवाने सांगतो. घरच्या डब्यात सापडलेला काशाचा एक नया पैसा मी लहानपणी चिंच आणि मीठ लावून देवाच्या तांब्यासारखा लख्ख केला. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग गुलाबी झाला होता, आणि त्यावरची जुनी तपकिरी झाक पुन्हा कधीच आली नाही. फार तर मातीने माखलेले नाणे साध्या पाण्यात बुडवून मऊ सुती कापडावर टिपून घ्यावे, घासू नये. नाणे नेहमी कडेने धरावे. साठवण्यासाठी मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत, कारण त्यातून सुटणारी रसायने तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर आणतात. मध्यभागी पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या नाणीविक्रेत्यांकडे स्वस्तात मिळतात. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात दोनतीनदा तरी बदलाव्यात.

नोटांच्या बाबतीत साल मागच्या बाजूला, तळाशी पाहावे. ते २००५ पासून छापले जाते. त्याआधीच्या नोटेचा काळ गव्हर्नरांच्या सहीवरून ठरवावा लागतो: १९९२ ते १९९७ सी. रंगराजन, त्यानंतर २००३ पर्यंत बिमल जालन, मग वाय. व्ही. रेड्डी. एकाच छापाच्या दहा रुपयांच्या नोटा सह्यांनुसार लावल्या की चांगली मालिका तयार होते. त्यापुढची पायरी म्हणजे क्रमांकामागे फिकट छापलेले अक्षर: एकाच सालाच्या, एकाच सहीच्या दोन नोटांवर ते वेगळे असू शकते, किंवा एकीवर मुळीच नसते. क्रमांकाच्या मधोमध तारा असलेली नोट मिळाली, तर ती जरूर ठेवावी. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी अशी नोट घातली जाते आणि ही पद्धत २००६ पासूनची आहे. काही दुकानदार ती बनावट समजून नाकारतात; ती पूर्णपणे वैध आहे.

एक रुपयाची नोट मात्र रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, म्हणून तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे, वित्त सचिवांची सही असते आणि रक्कम देण्याचे वचनही नसते. तिची छपाई १९९४ मध्ये थांबली होती व २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मनमोहन सिंग यांची सही रुपयाच्या नोटेवर वित्त सचिव म्हणून आणि इतर नोटांवर गव्हर्नर म्हणून अशी दोन्हीकडे सापडते. ही जोडी जमवणे अवघड नाही. नोटा घडी न घालता सरळ ठेवाव्यात आणि त्यांना चिकटपट्टी, स्टेपलची पिन किंवा लॅमिनेशन यांपैकी काहीही लावू नये.

कायद्याच्या दोनतीन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणून चार आणे आता दुकानात नव्हे, आजीच्या डब्यात सापडतात. आठ आणे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, दुकानदार घेवोत वा न घेवोत. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा छाप असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले होते आणि ते सर्व वैध आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंतच बाळगता येतात.

किमतीविषयी अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे किंवा ७८६ क्रमांकाची नोट लाखाला विकली जाते, अशा जाहिराती येत राहतात. त्यांतील कोणी आधी नोंदणी शुल्क मागितले, तर ती फसवणूक समजावी. आपण अशा व्यवहारांत नाही आणि कोणतेही शुल्क किंवा दलाली मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे. चलनातून मिळालेल्या बहुतेक नाण्यांची किंमत त्यांवर लिहिलेली असते तेवढीच.

नाणी मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग ओळखीच्या किराणा दुकानाचा गल्ला हा आहे. गर्दीच्या वेळी जाऊ नये. दुपारी, दुकान रिकामे असताना शंभराची नोट देऊन तेवढेच सुट्टे मागावे, घरी आणून चाळावे आणि नको असलेली नाणी आठवड्याभरात त्यांच्याकडेच सामान घेताना परत करावीत, कारण चिल्लरीची टंचाई असलेल्या दुकानदाराला परत येणारी नाणी हवीच असतात. आमच्या वाण्याने आता सवयीने जुने पाच रुपये गल्ल्याच्या कोपऱ्यात बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली आहे, आणि मी गेलो की तो आधी ते पुढे सरकवतो, मग विचारतो, “बोला काका, काय देऊ?”