स्कूबा सिलिंडरमधील हवा: या चुका टाळा

सिलिंडर हाती आला की झडप किंचित उघडून हवेचा वास घ्यायचा आणि काही जाणवले नाही की निर्धास्त व्हायचे, ही डायव्हरांमध्ये सर्रास आढळणारी आणि सर्वांत घातक चूक आहे. तेलकट किंवा जळकट वास आल्यास तो सिलिंडर नाकारायलाच हवा. मात्र वास आला नाही, एवढ्यावरून हवा शुद्ध ठरत नाही. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात पाण्याखालच्या दाबाची भर पडते. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने सिलिंडरमधील १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) मोनॉक्साइड शरीराच्या दृष्टीने ४० पीपीएमइतका होतो. म्हणूनच युरोपातील ईएन १२०२१ या मानकाने त्याची मर्यादा ५ पीपीएम ठेवली आहे.

हा वायू सिलिंडरमध्ये शिरतो तो बहुधा कॉम्प्रेसरमधून, म्हणजे हवा दाबून सिलिंडर भरणाऱ्या यंत्रातून. हवा खेचणाऱ्या नळीचे तोंड इंजिनाच्या धुराजवळ असणे हे उघड कारण झाले. पण सकाळी योग्य जागी असलेले तेच तोंड दुपारी वारा फिरल्यावर धुराच्या वाटेत येते, याकडे भरणाऱ्याचे लक्ष नसते. दुसरे कारण यंत्राच्या आतच असते. कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर तापला की त्यातील वंगणतेल अर्धवट जळते आणि बाहेरची हवा कितीही स्वच्छ असली तरी मोनॉक्साइड आतच तयार होतो.

अशा वेळी फिल्टर आहे ना, असे म्हणून चालत नाही. फिल्टरमधील आर्द्रताशोषक थर पाण्याचा अंश टिपतो, सक्रिय कोळसा तेलाची वाफ व वास शोषतो, आणि हॉपकॅलाइट हे रसायन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. हॉपकॅलाइट ओले झाले की निकामी होते, म्हणजे आर्द्रताशोषक थर संपला की मोनॉक्साइडपासूनचे संरक्षणही संपते. उष्ण हवेत बाष्प अधिक असल्याने फिल्टर लवकर संपतो. तेव्हा केवळ कॉम्प्रेसर चालल्याचे तास मोजून तो बदलणे पुरेसे नाही, तापमानानुसार ते तास कमी धरावे लागतात. हीच आर्द्रता पोलादी सिलिंडरला आतून गंज चढवते, आणि दीर्घकाळ पडून असलेल्या सिलिंडरमधील ऑक्सिजन त्या गंजण्यात खर्च होऊ शकतो. जुनी भरलेली हवा वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

मोनॉक्साइड मोजणारा छोटा अ‍ॅनलायझर स्वतःजवळ असणे ही माझ्या मते चैन नव्हे. तो मोकळ्या, स्वच्छ हवेत शून्यावर आणावा, सिलिंडरची झडप अगदी हळू उघडावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. झटक्यात सोडलेल्या हवेवर घेतलेली नोंद विश्वासार्ह नसते. नायट्रॉक्स (ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा) असल्यास ऑक्सिजनचे प्रमाणही स्वतःच मोजावे, दुसऱ्याने चिकटवलेल्या पट्टीवर विसंबू नये.

लक्षणांच्या बाबतीत मोठी गफलत होते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळलेपण ही लक्षणे बोट लागण्याच्या किंवा खोलवर दाबाखालच्या नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीच्या खात्यावर सहज टाकली जातात. खोलवर रक्तात जास्त ऑक्सिजन विरघळलेला असल्याने त्रास काही काळ झाकलेला राहतो आणि वर येताना एकदम वाढतो. गुंगी वर येताना ओसरते. मोनॉक्साइडचा त्रास त्या उलट वागतो. शंका येताच जोडीदाराला खूण करून, शक्य असल्यास दुसऱ्या सिलिंडरवर जाऊन, नियंत्रित वेगाने वर यावे. जोडीदाराचा सिलिंडर त्याच कॉम्प्रेसरवर भरलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

वर आल्यावर १०० टक्के ऑक्सिजन द्यावा आणि रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. साध्या हवेत रक्तातील मोनॉक्साइड निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे ८० मिनिटे. बोटाला लावलेला साधा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनयुक्त समजतो. ९८ टक्के दिसले म्हणून ऑक्सिजन बंद करू नये.

संशयित सिलिंडर घाईने रिकामा करण्याची चूकही वारंवार होते. त्याची झडप बंद करून, त्यावर ठळक खूण करून तो बाजूला ठेवावा, कारण निदानासाठी डॉक्टरांना आणि दोष शोधणाऱ्या तंत्रज्ञाला तीच हवा तपासायची असते. त्याच दिवशी त्या कॉम्प्रेसरवर भरलेले बाकीचे सिलिंडर ज्यांच्याकडे गेले असतील, त्यांना पाण्यात उतरण्यापूर्वी थांबवावे.