लाल खडकांच्या मुलखात पायी: युटामधली गाइडसोबतची सहल कशी आखावी

सांधण दरीत उतरलेल्या माणसाला चिंचोळी घळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी, आणि पाणी आलंच तर पळायचं कुठे हा मनातला हिशेब. म्हणून तर पावसाळ्यात तिथे कुणी शहाणा उतरत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात अशा घळींचा अख्खा मुलूख पसरला आहे. आपला कातळ काळा, लाव्ह्याचा. तिथला लाल वालुकाश्म, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या. त्यातल्या लोखंडाला गंज चढला, म्हणून हा रंग.

मात्र सांधणमधला हिशेब तिथे जसाच्या तसा चालत नाही. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि कित्येक किलोमीटर वर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीतून येतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये असाच लोंढा येऊन 11 पर्यटक गेले. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण गेले. उरलेला सगळा वेळ चिंता उलटी: प्यायला पाणी कुठे मिळणार? या सहलीची आखणी म्हणजे खरं तर पाण्याची आखणी. खाली दिलेली प्रत्येक पायरी शेवटी तिथेच येते.

1. आधी महिना ठरवा, मग सुट्टी मागा

आपल्याकडे उलटं होतं. मुलांच्या परीक्षा संपल्या की तिकिटं काढतो, आणि मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या लेकीकडे गेलेले आईबाबा जुलैत झायनला पोचतात. जुलैत तिथे पारा 38 अंशांच्या वर जातो, आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वादळी पावसाचे दिवस असतात. त्यालाही तिकडे मान्सूनच म्हणतात. घळीत शिरायला हा सर्वांत वाईट काळ.

एप्रिल-मे चालायला छान. पण डोंगरावरचं बर्फ वितळून झायनमधली व्हर्जिन नदी फुगलेली असते, आणि नदीच्या पात्रातून चालायची ‘नॅरोज’ ही प्रसिद्ध वाट अनेकदा बंद असते. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांवर गेला की उद्यानवाले ती बंदच ठेवतात. नॅरोज करायचीच असेल तर सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य धरा. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरच. नदीकाठची झाडं पिवळी पडलेली, दुपारी अंगात साधा शर्ट आणि रात्री ब्राइस कॅनियन या उंचावरच्या उद्यानात पाणी गोठवणारी थंडी. दिवाळी कधी येते ते तेवढं आधी बघून घ्या.

2. मार्ग: सगळं बघायचा मोह आवरा

आठ रात्री असतील तर लास व्हेगासला उतरा. तिथून झायन साधारण 260 किलोमीटर. झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात तीन रात्री काढा. मग ब्राइस कॅनियनला दोन, पुढे 12 क्रमांकाच्या महामार्गाने एस्कलान्टेमार्गे कॅपिटॉल रीफ उद्यानाला एक, आणि शेवटी मोआबला दोन रात्री. आर्चेस आणि कॅनियनलँड्स ही दोन्ही उद्यानं मोआबच्या अंगणात आहेत. ग्रँड कॅनियन यात नाही, आणि नसू दे. ते घुसडलं की दोन दिवस गाडीत जातात आणि पायी सहलीची बस-सहल होते.

अँटिलोप कॅनियन मात्र वाकडी वाट करून जाण्यासारखा आहे. पेज या गावाजवळची ही जमीन नवाहो या मूळ अमेरिकी लोकांची, आणि 1997 च्या दुर्घटनेपासून तिथे गाइडशिवाय प्रवेशच नाही. एक गंमत लक्षात ठेवा. उन्हाळी वेळेच्या महिन्यांत युटाची घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, अ‍ॅरिझोना ती वेळ पाळत नाही आणि नवाहो राष्ट्र पाळतं. तुमचा फोन या तिघांमध्ये उड्या मारत राहतो. बुकिंग करतानाच ‘वेळ कुठल्या घड्याळाची?’ असं विचारून घ्या.

3. गाइड निवडताना काय विचारावं

सह्याद्रीत वाढलेल्याला वाटतं, वाटा आखलेल्या आहेत, पाट्या आहेत, मग गाइडला पैसे कशाला? वाट दाखवायला खरंच त्याची गरज नसते. आज त्या वाटेने जायचं की नाही, आणि अर्ध्यातून कधी फिरायचं, हे ठरवायला तो हवा.

आमच्याच गटाचं सांगते. नॅरोजमध्ये आम्ही दीड तास आत होतो. वर निळं आकाश आणि सगळ्यांचा उत्साह उतू चाललेला. गाइड मध्येच थांबली, पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘परत.’ मला तर काहीच दिसलं नव्हतं. तिला काटक्या वाहत येताना दिसल्या होत्या, आणि मघाशी दिसणारा तळ आता दिसत नव्हता. लोंढा आलाच नाही, थोडं गढूळ पाणी आलं आणि ओसरलं. गटातला एक जण संध्याकाळपर्यंत कुरकुरत होता. मी त्या दिवसापासून गाइडला पहिला प्रश्न हाच विचारते: ‘शेवटचं अर्ध्यातून कधी परत फिरलात आणि का?’ ज्याला हे चटकन आठवत नाही, त्याच्यासोबत मी जाणार नाही.

बाकीचे प्रश्न पटापट उरकता येतात. राष्ट्रीय उद्यानात गट नेण्याचा कंपनीकडे परवाना आहे का? गाइडने ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हे रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे का? घळीत मोबाइलला रेंज नसते, तर सॅटेलाइटवर चालणारं उपकरण सोबत असतं का? गटात किती माणसं? बारापेक्षा जास्त असतील तर सोडून द्या. एका दिवसात किती मैल आणि किती फूट चढ? तिकडे सगळं मैल-फुटांत बोलतात. मैल म्हणजे 1.6 किलोमीटर. आणि हवामानामुळे वाट बदलली तर पैशांचं काय, हे लेखी घ्या.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि अंडं चालतं का तेही. नाहीतर दुपारच्या डब्यात चिकन काढून टाकलेलं सँडविच मिळतं. गाइडला टिप द्यायची तिथे रीत आहे, ती आधीच खर्चात धरा. प्रवासाचा वैद्यकीय विमा हवाच, आणि तो ट्रेकिंगला लागू आहे ना हे बारीक अक्षरांत वाचा. 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांसाठी मोठ्या उद्यानांचं शुल्क बरंच वाढलं आहे. झायन आणि ब्राइस दोन्ही त्या यादीत आहेत. पॅकेजमध्ये ते धरलंय का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

4. तयारी: पायांची, आणि गुडघ्यांची जास्त

दोन महिने आधी सुरुवात करा. पुण्यात असाल तर रोज पर्वती आणि रविवारी सिंहगड, पाठीवर चार लिटर पाणी भरलेली सॅक घेऊन. रिकाम्या सॅकने केलेला सराव उपयोगाचा नाही. मुंबईकरांनी लिफ्ट सोडावी.

सिंहगड आधी चढायचा असतो, दमलो की उतार असतो. ब्राइसला नेमकं उलटं. तुम्ही काठावर उभे असता, वाट खाली हूडूंच्या, म्हणजे त्या लाल दगडी सुळक्यांच्या जंगलात उतरते, आणि चढ शेवटी येतो. त्यात तो काठच 2400 मीटरच्या वर. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर आहे, म्हणजे विचार करा. पहिल्या दिवशी धाप लागली तर वयाला दोष देऊ नका, हवाच विरळ आहे. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप जोडून होणारी वाट पाच किलोमीटरच्या आतली, पण निवांत तीन तास ठेवा.

5. सॅकमध्ये काय

दिवसाला माणशी चार लिटर पाणी हा तिथला साधा नियम. ओढ्यानदीचं भरून घेऊ असं मनात आणू नका. 2020 मध्ये झायनच्या व्हर्जिन नदीत सायनोबॅक्टेरिया या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष आढळलं. त्या पाण्यात डोकं बुडवू नये आणि गाळूनही पिऊ नये, असं उद्यानवाले सांगतात. जेवढं पाठीवर तेवढंच तुमचं. निम्मं संपलं की परतीची वाट धरायची, मग पुढे कितीही सुंदर वळण असो.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतच नाही, तो उडून जातो आणि शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे राहतात. मीठ गेलं आणि आपण पाणीच पीत राहिलो, तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर आणि मळमळ सुरू होते. माणसाला वाटतं ऊन लागलं, आणि तो आणखी पाणी पितो. म्हणून ओआरएसची पाकिटं घ्या, आणि तासातासाला काहीतरी खारट तोंडात टाका. इथे आपण अमेरिकनांच्या पुढे आहोत: खारे शेंगदाणे, भाकरवडी, मेथीचे खाकरे. चिवडा नको, वाऱ्यावर सांडतो आणि रानात आपला कचरा उरतो. ताजी फळं भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

कपड्यांचं थोडक्यात: लांब बाह्यांचा हलका शर्ट, रुंद काठाची टोपी, ब्राइससाठी जाड जाकीट आणि कानटोपी. बूट वापरून मऊ झालेले असावेत. नॅरोजसाठी पाण्यातले बूट, निओप्रीन या रबराचे मोजे आणि लाकडी काठी स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने मिळतात. काठी घ्याच. गोल गुळगुळीत धोंड्यांवरून कमरेइतक्या गार पाण्यात चालताना तिसरा पाय लागतो.

6. प्रत्यक्ष चालताना

सकाळी गाइडला त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारा. हवामान खातं घळींसाठी रोज वेगळा अंदाज देतं आणि तो साध्या शब्दांत असतो: शक्यता नाही, शक्य, बरीच शक्यता, येणारच. तिसऱ्या पायरीपासून घळीत जाऊ नये. आत असताना पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहू लागल्या, पातळी वाढली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर बाहेरच्या दिशेने धावत सुटू नका. लोंढा तुमच्यापेक्षा वेगाने येतो. मिळेल त्या उंचवट्यावर चढा. चार-सहा फूटसुद्धा जीव वाचवतात.

कोरड्या वालुकाश्मावर बूट घोरपडीसारखा चिकटतो, आणि त्यामुळेच माणूस नको तिथे चढून बसतो. उतरताना त्याच जागी पाय लटपटतात. खडकावर सुटी वाळू असेल तर आपल्याकडचा घसारा समजून चाला. पावसानंतर हा दगड भिजून कमकुवत होतो आणि हातात धरलेली खपली निघून येते.

वाट सोडून पाय टाकू नका, त्याला आणखी एक कारण आहे. वाळूवर काळपट, खडबडीत साय दिसते ती जिवंत असते: सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून विणलेली. तीच वाळू धरून ठेवते आणि पावसाचा थेंब जिरवते. एका बुटाने मोडलेली साय भरून यायला दशकं लागतात. उतरावंच लागलं तर उघड्या कातळावरून किंवा कोरड्या ओढ्यातून चाला. कॅपिटॉल रीफला खडकांवर प्राचीन फ्रेमाँट लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, त्यांना हात लावू नका. तिथल्या फ्रूटा या मॉर्मन पंथाच्या लोकांच्या जुन्या वस्तीच्या बागा अजून फळतात; हंगामात तोडणी खुली असेल तर झाडाखाली बसून सफरचंद खाता येतं.

झायनमधल्या एंजल्स लँडिंगबद्दल सगळे विचारतात. साखळ्या धरून जायचा तो शेवटचा धारेवरचा टप्पा. एप्रिल 2022 पासून त्यासाठी सोडतीतून परवाना लागतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांना तो जमेल. पण दोन्ही बाजूंना खोल दरी आणि समोरून उतरणारी माणसं, हे ज्यांना सोसत नाही त्यांनी त्याच्या अलीकडच्या स्काउट लुकआउटपर्यंत जावं. तिथवर परवाना लागत नाही, 21 नागमोडी वळणांचा चढही पदरात पडतो, आणि दृश्यात फार उणं राहत नाही.

7. शेवटची संध्याकाळ

मोआबला पोचलात की आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीसाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत, पण सगळा चढ उघड्या कातळावर, सावली औषधाला नाही. दोन लिटर पाणी न्याच, सूर्यास्ताला जात असलात तरी. सूर्य बुडताना कमान निखाऱ्यासारखी पेटते आणि तास-दीड तास कुणाला उठवत नाही. मग एकदम अंधार पडतो, वाटेच्या खुणा म्हणून रचलेले दगड दिसेनासे होतात, आणि मोबाइलच्या उजेडात माणसं उतरणीवर चाचपडू लागतात. डोक्याला लावायची विजेरी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, आणि तिचे सेल सकाळी हॉटेलातच तपासा.