म्हशीच्या मांसातली चरबी मोजताना या चुका टाळा

मी इंदूरमध्ये आहारसल्ला देते. महूच्या एका काकूंनी परवा माझ्यापुढे वही उघडून ठेवली. काकांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून त्या घरातलं जेवण लिहून ठेवतात. रविवारच्या पानावर होतं : बीफ 100 ग्रॅम, 254 कॅलरी, चरबी 20 ग्रॅम. "ताई, हे बंदच करू का आता?"

आकडा मोबाइलवरच्या ॲपमधला. तो 20 टक्के चरबीच्या, गाईच्या अमेरिकन खिम्याचा. मध्य प्रदेशात 2004च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. काकूंकडे शिजतं ते पाड्याचं, म्हणजे रेड्याचं, बोलताना मात्र सगळे बीफच म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात म्हशीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसाला 99 कॅलरी, सुमारे 1.4 ग्रॅम चरबी आणि 20 ग्रॅम प्रथिनं दिली आहेत. कुठे 20 आणि कुठे दीड! नुसतं 'बफेलो' टाइप करूनही फसायला होतं, कारण अमेरिकेत त्या नावाने बायसन विकतात. तो प्राणीच वेगळा.

पण म्हणून गाईचं मांस म्हणजे चरबीच, असंही नाही. छाटलेल्या काही भागांत ती 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आतच असते. तुलना करायची तर सारख्या भागांची करा, खिम्याशी निव्वळ मांसाची नको. आणि कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावू नका : पाणी आटतं, म्हणून भाजलेल्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 27 ग्रॅमच्या आसपास जातात.

चरबीच्या रंगावरही जाऊ नका. गाईची चरबी चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे पिवळसर दिसते, म्हशीची पांढरी, तिच्या तुपासारखीच. पांढरी म्हणजे हलकी, हा समज चुकीचा. रात्रीचा रस्सा सकाळी बघा, वर मेणासारखा थर धरलेला असतो. म्हणून कडेची चरबी घरी आणल्यावर आधी सुरीने काढून टाका.

खरी चूक मला काकूंच्या कढईत सापडली. "कोरडं लागतं ना, म्हणून तेल सढळ घालते." अर्धा किलो मांसाला चार मोठे चमचे! मांसाची स्वतःची चरबी 7 ग्रॅम, तेलाची जवळजवळ 55. म्हणजे ज्या मांसाला दोष देत होतो, त्याच्या आठपट चरबी आपणच ओतत होतो. हे मांस कोरडं लागतं ते चरबी कमी म्हणून, आणि मोठ्या आचेवर घाई केली की चिवटही होतं. त्यावर उपाय तेल नव्हे. कच्ची पपई वाटून तासभर लावून ठेवा, कुकरला पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा आणि अर्धा तास शिजू द्या. फोडणीला एक मोठा चमचा तेल पुरतं.

चरबी कमी म्हणून रोज खाऊ नका. हे लाल मांसच आहे, आणि जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या सल्ल्यानुसार सगळं लाल मांस मिळून आठवड्याला शिजलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या वर जाऊ नये. काकूंच्या घरी ते रविवारीच होतं. ते बंद करायला मी सांगितलं नाही, तेलाचा चमचा मात्र बदलायला लावला.